ताई, वर चार पैसे कुठनं मिळतील?

या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज एकत्र वाचले तर सगळ्यांचं दुखणं एकच निघालं, पगार आहे तिथंच आणि खर्च पुढं पळतोय. कुणाचा ओव्हरटाइम बंद, कुणाची बाग अवकाळीनं गेली, कुणाचं मुलांच्या फीपायी सोनं गहाण पडलंय. म्हणून या वेळी पाककृती, नातीगोती, केस गळणं सगळं बाजूला ठेवलंय, फक्त पैशाचे प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही, गावापुरतं कळलं तरी बास.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. ऑर्डर नाहीत म्हणून ओव्हरटाइम बंद झालाय, आठवड्यातनं दोन दिवस घरीच बसवतात. हातात पूर्वीच्या निम्मे येतात. संध्याकाळी फूड डिलिव्हरी करावी म्हणतोय, मित्र म्हणतो रोज पाचशे सुटतात. करू का?

दादा, मित्र सांगतोय ते पाचशे खिशात येतात तेव्हाचे, पेट्रोल पंपावर जाऊन आल्यावरचे किती ते विचारा त्याला. आपण हिशोब करू. समजा सात ते अकरा चार तास फिरलात, दहा ऑर्डरी मिळाल्या आणि सरासरी 35 रुपये पडले, झाले साडेतीनशे. सांगलीत ऑर्डर घ्यायची एकीकडनं आणि द्यायची संजयनगरला नाहीतर थेट मिरज रोडला, वर येताना रिकामं यायचं, म्हणजे पन्नासेक किलोमीटर कुठं गेले नाहीत. गाडी 45 चं अॅव्हरेज देत असेल तर पेट्रोल 115 ते 120 चं. टायर, ऑइल, ब्रेक यांना किलोमीटरमागं एक रुपया तरी बाजूला काढायलाच लागतो, तो लोक धरतच नाहीत आणि सहा महिन्यांनी गॅरेजवाल्याचं बिल बघून डोळे पांढरे होतात. तर राहिले 180. चार तासाचे. तासाला 45 रुपये, तेही पावसाळ्यात, खड्ड्यात आणि आठ तास मशीनवर उभं राहून आल्यावर.

करूच नका असं म्हणत नाही मी. ज्याच्याकडं दुसरं काही नाही त्याला हेही चालतं, पण आधी आठवडाभर वहीत किलोमीटर लिहून बघा आणि मग ठरवा. आणि इन्शुरन्सचा कागद काढून वाचा. आपल्या घरच्या गाडीची पॉलिसी घरच्या वापरासाठी असते, धंद्यात वापरताना अपघात झाला तर कंपनी क्लेमवर बोट ठेवू शकते. डिलिव्हरी अॅपकडनं वेगळा अपघात विमा आहे का, कितीचा, आणि अॅप चालू असतानाच लागू होतो का हे जॉइन व्हायच्या आधी विचारायचं.

त्यापेक्षा मी तुमच्या जागी असते तर दोन गोष्टी केल्या असत्या. एक, लग्नसराईत केटरर्सला वाढप्यांची कायम ओढ असते, मुहूर्ताच्या दिवशी तर माणूस मिळत नाही, पैसे त्याच रात्री हातात आणि जेवण होतं ते वेगळंच. दोन, तुम्ही मशीन शॉपचा माणूस आहात ना, मग तुमच्या हाताला जे येतं ते रस्त्यावर का घालवताय? मोटार रिवाइंडिंगवाले, फॅब्रिकेशनवाले, ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करणारे, यांना सीझनला दोन-तीन तासाचा जाणता माणूस हवाच असतो, खासकरून ऊस आणि द्राक्षाच्या टायमाला, तेव्हा ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, बंद पडला की शेतकरी दम धरत नाही. तिथला तासाचा दर डिलिव्हरीपेक्षा जास्तच निघेल.

आणि ते दोन दिवस घरी बसवतात त्याचं काय लेखी आहे का तुमच्याकडं? कंपनीत 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील, तुम्ही कायम असाल आणि वर्ष भरलेलं असेल तर ले-ऑफच्या (काम नाही म्हणून कंपनीनं घरी बसवलेल्या) दिवसांचा बेसिक आणि डीएचा निम्मा पगार कायद्यानं मिळतो. "उद्या येऊ नका" असं नुसतं तोंडी सांगितलं तर नंतर तो ले-ऑफ होता हे दाखवणं अवघड जातं, कागदावर तुमची गैरहजेरी लावली जाऊ शकते. गेटवरच्या हजेरीचा फोटो, सुपरवायझरचा मेसेज, काहीतरी ठेवत चला.

प्रश्न : तासगाव तालुक्यातनं लिहिते. फेसबुकवर पेन्सिल पॅकिंगची जाहिरात आहे, घरबसल्या महिना तीस हजार, माल घरपोच येणार आणि घरूनच नेणार. आधी 650 रुपये रजिस्ट्रेशन आहे. शेजारणीनं भरलेत. मी पण भरू का? घरचे बेदाणा शेडवर जाऊ देत नाहीत.

नको गं बाई, एक रुपया पण भरू नको. विचार कर, पेन्सिली कारखान्यातच मशीनवर पॅक होतात. त्या सुट्ट्या करून तुझ्या गावात आणून टाकायच्या, परत न्यायच्या, वर तुला तीस हजार द्यायचे, मग ती पेन्सिल दुकानात पाच रुपयाला मिळेल का? शेजारणीला आता फोन येईल, आयडी कार्डाचे अमुक, कुरिअरचे तमुक, जीएसटीचे एवढे, ते भरत जाईल आणि माल काही येणार नाही. तिला सांग, इथंच थांब, आणि सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन करून तक्रार नोंदव, जेवढ्या लवकर तेवढं बरं. काम देणारा माणूस कामाचे पैसे देतो, घेत नसतो. हाच नियम त्या "व्हिडिओ लाइक करा"वाल्यांना पण लागू, तिथं पहिल्यांदा खरंच दीडशे-दोनशे खात्यात टाकतात, विश्वास बसला की "प्रीपेड टास्क" म्हणून दोन हजार मागतात, मग दहा, मग पन्नास. आणि ते डेटा एंट्रीवाले तर चुका काढून वर वकिलाची नोटीस पाठवतात, ती बघून घाबरून पैसे भरणारी माणसं आहेत. भरू नका, नोटिशीचा फोटो घेऊन पोलिसात जा.

आता शेडचं. तुझ्या दारात पिकतंय ते सोडून तू फेसबुकवर काम शोधतीयस याचंच मला जास्त वाटलं. घरच्यांची काळजी समजते, पण शेड म्हणजे फक्त रानातलं शेड नाही. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर टाकतात, तेव्हाचं काम उन्हातलं आणि घाईचं, ते नको असेल तर नको. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो आणि तो सगळा काही लगेच विकला जात नाही, कोल्ड स्टोरेजला जातो आणि तिथनं निघेल तशी निवडणी, प्रतवारी, बॉक्स भरणं वर्षभर चालू असतं. हे काम सावलीत बसून, बहुतेक ठिकाणी सगळ्या बायकाच, आणि गावातल्या चार-पाच जणी मिळून एका गाडीनं जातात.

पहिल्यांदा जाणार असशील तर ऐकून ठेव. समोर बेदाण्याचा ढीग टाकतात, त्यातनं काड्या, फुटका, काळा पडलेला वेगळा काढायचा, मग रंगाप्रमाणं आणि लांब-गोल असं बाजूला. साखरेनं बोटं चिकटून जातात म्हणून जवळ ओलं फडकं ठेवायचं. कोल्ड स्टोरेजमधनं नुकता काढलेला माल बर्फासारखा असतो, बोटं आखडतात, सवय होईपर्यंत पातळ हातमोजे बरे. पिवळा माल गंधकाची धुरी दिलेला असतो, तुला दम्याचा त्रास असेल तर धुरी देतात त्या बाजूला बसायचंच नाही, आधीच सांगून टाकायचं. आणि मुख्य म्हणजे जायच्या आधी विचारायचं की काम हजेरीवर आहे का उक्तं. हात चालणारी असशील तर किलोवर जास्त पडतात, नवीन असशील तर पहिला महिना हजेरी बरी. दिवाळीच्या आधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे मागची सगळी येणी चुकती करायला, बेदाण्याचे सौदे बंद असतात तेव्हा काम पातळ होतं, त्या दिवसांचा खर्च आधीच धरून ठेव.

घरचे तरी नाही म्हणाले तर सासूबाईंनाच एक दिवस सोबत घेऊन जा. मी थट्टा करत नाहीये, बऱ्याच जणींच्या सासवा नंतर स्वतःच यायला लागल्यात.

प्रश्न : विश्रामबागला राहते. दीड वर्ष झालं चपात्या करून देते, क्लासच्या मुलांना आणि दोन-तीन ऑफिसांना. रोज 80-85 चपात्या जातात, पाच रुपयाला एक. सगळे म्हणतात झकास चाललंय, पण महिन्याच्या शेवटी हातात काहीच दिसत नाही. कुठं चुकतंय?

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कागद-पेन घेऊनच बसले. कष्टाला कमी नाही, दरात चूक आहे.

एक किलो पिठाच्या साधारण 28 चपात्या होतात. गहू आणि दळण मिळून पीठ 45 ला धरा, तेल 15, गॅस 12, कागद-पिशवी 8. झाले 80. अठ्ठावीस चपात्या पाचनं गेल्या तर आले 140, राहिले 60. मळणं, लाटणं, भाजणं, बांधणं आणि नेऊन देणं याला किलोमागं पावणेदोन तास तरी जात असतील, म्हणजे तासाला पस्तीसच्या आत. रोज तीन किलो म्हटलं तर 180 रुपयांसाठी तुम्ही पाच तासाच्या वर उभ्या राहता. त्यातनं दोन ऑफिसांची उधारी, आणि तुम्ही पुढं लिहिलंय की "मुलं लांबची आहेत म्हणून थोडी चटणी फुकट देते". मग हातात काय दिसणार?

आता हेच सात रुपयानं धरा. किलोमागं 196 आले, खर्च तोच 80, राहिले 116. दर दोनच रुपये वाढला पण तुमची कमाई जवळजवळ दुप्पट झाली, कारण खर्च आहे तेवढाच राहतो, वाढलेला रुपयान् रुपया तुमचा. तुम्हाला भीती वाटणार की गिऱ्हाइकं तुटतील. तुटू देत थोडी! समजा तिसरा हिस्सा गिऱ्हाईक गेलं आणि तीन किलोच्या जागी दोनच किलो पीठ लागलं, तरी दिवसाला 232 पडतात, आत्ताच्या 180 पेक्षा जास्तच, आणि पावणेदोन तास वाचले ते वेगळे. त्या वाचलेल्या वेळात भाकरी करा. ज्वारीची भाकरी येणारे हात कमी होत चाललेत, आणि शुगर निघाली की डॉक्टर भाकरी खा म्हणतात, म्हणून तिला दर देताना लोक कुरकुर करत नाहीत.

दर वाढवताना सगळ्यांना एक तारखेपासून म्हणून आठवडाभर आधी सांगा, रोज एकेकाला समजावत बसू नका. ऑफिसवाल्यांना महिन्याचं आगाऊ नाहीतर आठवड्याचं रोख, तिसरा पर्याय नाही. चटणी देऊ नका असं म्हणत नाही, विका! कांदा-लसूण चटणी डंकावर कुटलेली असेल तर छोट्या पुडीला पण लोक पैसे देतात, आणि लांबच्या मुलाला ती दहा रुपयाला मिळाली तरी तो खूशच असतो.

दोन गोष्टी राहिल्या. खाण्याचं काही विकायचं तर फूड सेफ्टीची नोंदणी लागते, छोट्या धंद्याची अगदी थोड्या फीत होते, आधार आणि फोटो घेऊन महा ई-सेवा केंद्रात गेलात तर अर्ज भरून देतात, आधी सरकारी फी किती ते त्या पोर्टलवर बघून जा म्हणजे मधल्यामधे कोण पाचशे उपटणार नाही. दुसरं म्हणजे घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, ऑर्डरी वाढल्या तर कमर्शियल घ्यावाच लागेल आणि मग वरच्या हिशोबातला गॅसचा आकडा बदलायचा. तेव्हा परत दर बघा.

प्रश्न : आटपाडीचा आहे, सांगलीत रूमवर राहून एमपीएससी करतोय. घरनं पैसे येणं कमी झालंय. लायब्ररीतला एकजण म्हणतो, तुझं बँक खातं आणि एटीएम महिनाभर दे, पाच हजार मिळतील, गेमिंग कंपनीचे व्यवहार असतात. रिस्क आहे का?

बाळा, हे पत्र वाचून माझ्या पोटात गोळा आला. रिस्क नाही, सरळ खड्डा आहे. वरच्या बाईंच्या शेजारणीचे 650 रुपये जिथं जातात ना, ते असल्याच खात्यात जातात. फसवणारे स्वतःच्या नावानं खातं ठेवत नाहीत, तुझ्यासारख्या पोरांची भाड्यानं घेतात. तक्रार झाली की पोलीस पैशाचा माग काढत पहिल्यांदा तुझ्या नावावर येतात, खातं गोठतं, कुठल्यातरी लांबच्या राज्यातनं नोटीस येते आणि तिथं चकरा मारायच्या तूच. तो लायब्ररीवाला तोवर नंबर बदलून मोकळा. तू ज्या परीक्षेसाठी डोळे फोडतोयस तिथं निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते, पाच हजारासाठी तिथं काय उत्तर देणार? दिलं असशील तर आजच बँकेत जाऊन कार्ड ब्लॉक कर आणि लेखी कळव.

पैसे मिळवायला तुला वेळ दोन-तीन तासच आहे हे धरून सांगते. पाचवी ते आठवीच्या मुलांची गणित-इंग्रजीची शिकवणी, एकाच सोसायटीतली चार मुलं एकत्र, म्हणजे जाण्यायेण्यात वेळ जात नाही आणि तुझा पण पाया पक्का होतो. अभ्यासिकांना सकाळी उघडायला आणि रात्री बंद करायला पोरगं लागतं, पैसे थोडे देतात पण बसायची फी माफ होते, तुझ्यासाठी ते पैशासारखंच झालं. कॉलेजला अॅडमिशन असेल तर कमवा आणि शिका योजनेचं ऑफिसात विचार, शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांमधनं ती चालते. यात लाजायचं काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत काढली ती याच तत्त्वावर उभी राहिली, आपल्या भागातली किती मोठी माणसं शेतात राबून शिकलीत.

प्रश्न : मिरजेत राहते, वय 46. पेशंट सांभाळायच्या कामाला जावं म्हणते. ब्युरोवाले पहिल्या महिन्याचा अर्धा पगार कापतात. बरोबर आहे का?

कापतात, चालही आहे, पण त्याबदली ते काय देणार हे विचारा. घर सुटलं तर दुसरं किती दिवसात, पगार बुडवला तर कोण भांडणार? गप्प बसले तर समजून जा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातनं पेशंट येतात, तुम्हाला थोडं कानडी येत असेल तर तुमची किंमत जास्त आहे आणि ती तुम्ही स्वतः सांगायला पाहिजे. मेट्रन, फिजिओथेरपीवाले, मेडिकलचे दुकानदार यांच्याकडं नंबर देऊन ठेवा, दोन घरं अशी मिळाली की ब्युरोची गरज उरत नाही. ठरवताना बारा तास का चोवीस, जेवण कुणाचं, पेशंटचं सोडून घरातलं झाडू-भांडी करायचं का, हे पहिल्याच दिवशी. इंजेक्शन, सलाइन याला हात लावायचा नाही, घरचे कितीही म्हणाले तरी. रात्रपाळी असेल तर येण्याजाण्याची सोय ठरल्याशिवाय हो म्हणू नका.

प्रश्न : पलूसहून. अगरबत्तीचं मशीन घेतलं तर कंपनी माल परत विकत घेते म्हणतात, अॅग्रीमेंट करून देतात. मशीन 1 लाख 20 हजार. कर्ज काढू का?

नाही. त्यांचा धंदा मशीन विकायचा आहे, अगरबत्ती घ्यायचा नाही. दोन महिने घेतात, मग क्वालिटी नाही म्हणून परत करतात. द्रोण-पत्रावळी, वाती, सगळ्यात हेच. खात्री करायची तर आधी त्यांनी नाव न दिलेला, तुम्ही स्वतः शोधलेला जुना मशीनवाला गाठा आणि बाजारपेठेतल्या दोन दुकानदारांना विचारा, माल घ्याल का आणि कितीनं. दुकानदार हो म्हणाला तरच मशीन. हातगाडीवर विकायचं असलं तर पीएम स्वनिधी या फेरीवाल्यांच्या सरकारी योजनेचं पहिलं कर्ज 2025 पासून 10 च्या जागी 15 हजार झालंय, त्यात जमेल तेवढ्यानं सुरुवात करा. नगरपालिकेत विक्रेता म्हणून नाव आहे का ते आधी बघा.

प्रश्न : मिस्टर झेडपी शाळेत शिक्षक आहेत. घरी क्लास घेतले तर चालतं का?

त्यांनी घेतले तर नाही, जिल्हा परिषद सेवेच्या 1967 च्या वर्तणूक नियमांप्रमाणं परवानगीशिवाय दुसरा धंदा-नोकरी चालत नाही आणि शाळेतल्याच मुलांची शिकवणी तर बिलकुल नको. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही घ्या. बोर्डावर नाव तुमचं, पैसे तुमच्या खात्यात आणि फळ्यापुढं उभ्या तुम्हीच. नुसतं नाव बायकोचं आणि शिकवायला ते, असलं गावात लपत नाही.

प्रश्न : जत तालुक्यातनं. उन्हाळ्यात हाताला काम नाही. रोजगार हमीचं विचारायला गेलं की ग्रामपंचायतीत म्हणतात काम निघालं नाही, निघालं की सांगू.

दादा, ही योजना मुळात तुमच्याच जिल्ह्यातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेंनी तासगाव तालुक्यात विसापूरला आधी करून बघितलं, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. तिथलं मुख्य सूत्र हेच की काम निघायची वाट तुम्ही बघायची नाही, तुम्ही मागायचं आणि त्यांनी काढायचं. तोंडी विचारलं की ती मागणी धरतच नाहीत. जॉब कार्ड नसेल तर नमुना 1 भरून काढा, असेल तर नमुना 4 वर मागणी लिहा, एकट्यानं नको, वस्तीवरचे दहा-पंधराजण मिळून, आणि ग्रामरोजगार सेवकाकडनं तारीख टाकलेली पोच घ्या. त्या तारखेपासून 15 दिवसात काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यावा लागतो, म्हणूनच पोच द्यायला टाळाटाळ होते. देतच नसतील तर तोच अर्ज तहसीलदारांच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जॉब कार्डात घालून ठेवा.